गाळलेलीं तीन वर्षें

इ. स. १९८६ च्या आरंभीं ऑस्ट्रियांत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची धामधूम चालू होती. भिंतीभिंतींवर एका उंच, सडपातळ, अदबशीर गृहस्थांचें चित्र लागलें होतें आणि त्यासोबत 'जगाचा ज्यावर विश्वास आहे असा ऑस्ट्रियन' अशा अर्थाचें वाक्य छापलेलें होतें. हे गृहस्थ म्हणजे डॉ. कुर्ट वाल्डहाईम. १९७२ च्या जानेवारीपासून १९८१ च्या अखेरपर्यंत दहा वर्षें ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते. त्यांच्यावरील विश्वासाची एक खूण अजून आकाशांत फिरत आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें सोडलीं, त्यांवर एकेक सुवर्णलेपित तबकडी बसविलेली आहे. दूरच्या कोणा बुद्धिमान जीवास ती सांपडलीच, तर त्यास पृथ्वीची ओळख पटावी हा हेतु. त्या तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, मराठींतील एक अभिवादन आहे, आणि पृथ्वीवरील समस्त मानवांच्या वतीनें बोललेला वाल्डहाईम यांचा आवाजहि आहे.

तेव्हां भिंतीवरील वाक्य खोटें होतें असें कोणास म्हणतां येणार नाहीं. जगाचा विश्वास खरोखरच होता. फक्त ज्या मनुष्यावर तो ठेविला, त्याच्या आयुष्यांतील तीन वर्षें जगास ठाऊक नव्हतीं.

पुढारी लोक आपली प्रतिमा कशी सजवितात, याविषयीं हल्लीं घरोघर चर्चा चालते. भाषणें लिहून देणारे पगारी लेखक, आधीं ठरवून घेतलेल्या मुलाखती, लहान मूल कडेवर घेऊन काढविलेलीं छायाचित्रें, हें सर्व आतां इतकें उघड झालें आहे कीं शहाणा वाचक त्यांतून योग्य ती वजावट आपणच करून घेतो. आम्हांस अधिक विचार करण्यासारखी वाटते ती दुसरी युक्ति. तींत कांहीं जोडावें लागत नाहीं, रंगवावें लागत नाहीं; नुसतें गाळावें लागतें. वाल्डहाईम यांच्या प्रकरणांत ती इतकी स्वच्छ दिसते कीं तें थोडें विस्तारानें सांगण्याची आम्ही परवानगी घेतों.

वाल्डहाईम यांचा जन्म २१ डिसेंबर १९१८ चा. वडील शिक्षक होते, पुढें शाळातपासनीस झाले. म्हणजे आमच्याच पंथांतले. कॅथॉलिक पक्षाचे आणि हिटलरचे विरोधक. १९३८ च्या मार्चमध्यें जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि या तपासनिसांस आपली जागा गमवावी लागली. त्याच वर्षीं त्यांच्या मुलाचें नांव नाझी विद्यार्थिसंघाच्या, आणि 'एस. ए.' या नाझी दंडेलांच्या दलाच्या घोडेस्वार शाखेच्या कागदोपत्रीं दिसूं लागतें. आपण सभासद कधींच नव्हतों, घोड्यावर बसण्याच्या हौसेनें तेथें जात होतों, असें वाल्डहाईम पुढें सांगत. घरावर सरकारची वक्रदृष्टि झालेली, शिक्षण अर्धवट राहिलेलें, अशा एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानें कोठें नांव नोंदविलें असेल, तर त्याबद्दल त्यास आयुष्यभर दूषण देण्याचें आमच्या मनांत नाहीं. लगेच महायुद्ध आलें. हा तरुण जर्मन सैन्यांत रशियाच्या आघाडीवर गेला, आणि १९४१ च्या डिसेंबरांत त्याच्या पायास जखम झाली.

येथपर्यंतची हकीकत वाल्डहाईम यांनीं लपविली नाहीं. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रांत ही जखम आहे, घरीं परतणें आहे, आघाडीवरील सेवेस अपात्र ठरणें आहे, आणि व्हिएन्नास कायद्याचा अभ्यास पुन्हां हातीं घेणें आहे. १९४४ सालीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली, तीहि खरी. तत्पूर्वीं १९८० मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसचे एक सभासद स्टीफन सोलार्झ यांनीं पत्र पाठवून त्यांस युद्धकाळाविषयीं विचारिलें होतें. उत्तर याच वळणाचें आलें.

यांतलें एकेक वाक्य सुटें घेतलें तर तें खोटें ठरविणें कठीण आहे, आणि येथेंच या युक्तीचें सगळें बळ आहे. पदवी मिळाली ती मधून मधून रजा काढून. उरलेला काळ हे विद्यार्थी लष्करांतच होते. १९४२ च्या वसंतांत जखम भरून येतांच त्यांस बाल्कन प्रदेशांत धाडण्यांत आलें. त्या उन्हाळ्यांत पश्चिम बोस्नियांतील कोझारा डोंगरांत बंडखोरांविरुद्ध जी मोहीम झाली, तींत हजारों खेडूत, बायकामुलांसह, हांकून छावण्यांत कोंबले गेले. त्या फौजेच्या कचेरींत वाल्डहाईम होते, आणि क्रोएशियाच्या नाझीधार्जिण्या राजवटीनें त्यांस रौप्यपदक दिलें. पुढें ते जनरल अलेक्झांडर ल्योर यांच्या हाताखालीं ग्रीस देशांत सालोनिका शहरावरील टेकडींत, आर्साक्ली गांवीं, सेनाकचेरीच्या हेरखात्यांत अधिकारी झाले. शत्रूच्या हालचाली, कैद्यांच्या जबान्या, सूड म्हणून मारलेल्या लोकांच्या संख्या, यांचे अहवाल या खात्यांतून जात. त्यांतल्या कित्येकांवर 'डब्ल्यू' ही त्यांची आद्याक्षरी सही आहे. ल्योर यांस युगोस्लाव्हियानें १९४७ सालीं युद्धगुन्ह्यांबद्दल देहान्त शिक्षा दिली.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस आठवेल कीं प्रत्ययाचा लोप होतो म्हणजे तो दिसेनासा होतो, पण त्याच्या योगें होणारें कार्य होतच राहतें. हें मुलांस पटवितांना आम्हांस फार सायास पडत. वाल्डहाईम यांचें चरित्र तेव्हां हाताशीं असतें तर एक चांगला दृष्टान्त मिळाला असता.

सालोनिकाविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधून हांकून दिलेले ज्यू या शहरांत येऊन वसले आणि साडेचारशें वर्षें आपली जुनी स्पॅनिश बोली बोलत तेथें नांदले. बंदरांतील हमालांपासून सावकारांपर्यंत सर्व थरांत ते होते. त्यांच्या सणाच्या दिवशीं बंदराचें काम थांबे. १९४३ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत आगगाड्या भरभरून हे लोक ऑशविट्झला नेण्यांत आले. संख्या ४५,००० च्या आसपास. परत आले ते अगदीं मूठभर. टेकडीवरून हें शहर समोर दिसतें. आपणांस या गोष्टीचा गंधहि नव्हता, असें वाल्डहाईम १९८६ मध्यें म्हणाले. न्यायासाठीं हेंहि नमूद केलें पाहिजे कीं तें काम मुख्यतः एस. एस. दलाच्या लोकांनीं केलें, आणि त्या महिन्यांपैकीं पुष्कळ काळ वाल्डहाईम अन्यत्र होते. तथापि नाझी गुन्हेगारांचा आयुष्यभर माग काढणारे सायमन वीझेन्थाल, जे त्यांस युद्धगुन्हेगार म्हणावयास तयार नव्हते, तेहि या 'ठाऊक नव्हतें'वर विश्वास ठेवीनात. एका शहराच्या लोकसंख्येचा पांचवा हिस्सा नाहींसा झाला, आणि शेजारच्या हेरखात्याच्या अधिकाऱ्यास तें कळलें नाहीं!

हें सर्व बाहेर आलें १९८६ च्या मार्चमध्यें. व्हिएन्नाच्या 'प्रोफिल' साप्ताहिकांत हुबेर्टस चेर्निन या तरुण पत्रकारानें जुने कागद छापले, आणि एकदोन दिवसांतच 'न्यूयॉर्क टाइम्स'नें व जागतिक ज्यू परिषदेनें तीच गोष्ट जगभर नेली. एक छायाचित्रहि प्रसिद्ध झालें: २२ मे १९४३, पॉडगोरिट्साचा विमानतळ, एक इटालियन सेनापति, एक एस. एस. सेनापति, आणि त्यांच्यामध्यें उभा असलेला उंच, सडपातळ लेफ्टनंट वाल्डहाईम.

यानंतरचें उत्तर कसें बदलत गेलें तें पाहण्यासारखें आहे. आधीं, असें कांहीं नव्हतेंच. मग, होतें पण आपण केवळ दुभाषे होतों. आणि शेवटीं असें कीं, लाखों ऑस्ट्रियनांनीं केलें तेंच आपण केलें, शिपाई या नात्यानें आपलें कर्तव्य बजाविलें. या शेवटल्या उत्तराइतकें चतुर उत्तर आम्हांस दुसरें आठवत नाहीं. त्या देशांत असें घर क्वचितच असेल कीं ज्यांतला बाप, चुलता किंवा आजा त्या सैन्यांत गेला नव्हता. माझ्याकडे बोट दाखविणारा तुमच्या वडिलांकडे बोट दाखवितो, असें न बोलतां सुचविलें गेलें. भिंतींवरील चित्रें बदललीं. जगाचा विश्वास मागें पडला आणि 'आम्ही ऑस्ट्रियन आम्हांस हवा त्यास निवडूं' अशीं पिवळीं पत्रकें लागलीं. ८ जून १९८६ रोजीं वाल्डहाईम ५३.९ टक्के मतांनीं निवडून आले.

'कर्तव्य' हा शब्द आम्हीं आयुष्यभर शिकविला. त्यांतील 'तव्य' प्रत्यय 'केलेंच पाहिजे' एवढें सांगतो. तें कोणी ठरवावयाचें हें सांगत नाहीं. वाल्डहाईम यांच्या वडिलांसहि १९३८ मध्यें कांहीं कर्तव्य वाटलें होतें. त्यांची जागा गेली. मुलाच्या प्रचारांत या वडिलांचें नांव घरच्या नाझीविरोधाचा दाखला म्हणून पुढें करण्यांत आलें, ही गोष्ट आम्हांस त्या सर्व प्रकरणांत सर्वांत अधिक बोंचली.

विरुद्ध पक्षहि सोंवळा नव्हता. समाजवादी पंतप्रधान फ्रेड सिनोवाट्झ यांनीं, वाल्डहाईम एस. ए. मध्यें नव्हते, त्यांचा घोडा तेवढा होता हें आपण मान्य करतों, असा टोला मारला आणि सारा देश हंसला. पण निवडणुकीच्या कित्येक महिने आधींच एका पक्षसभेंत आपण या भूतकाळाचा उपयोग करणार असें ते बोलले होते काय, या प्रश्नावर पुढें कोर्टांत गेलेलें प्रकरण त्यांच्यावर शेकलें. खोटी साक्ष दिल्याबद्दल त्यांस दंड झाला. सालोनिकाचे मृत लोक असे दोन्ही बाजूंनीं प्रचारांत ओढले गेले.

आणखी एक गोष्ट. १९४८ सालीं युगोस्लाव्हियाच्या मागणीवरून मित्रराष्ट्रांच्या युद्धगुन्हे-मंडळानें वाल्डहाईम यांचें नांव यादींत घेतलें होतें. तें दफ्तर पुढें संयुक्त राष्ट्रसंघाच्याच न्यूयॉर्कमधील दफ्तरखान्यांत बंद पडून राहिलें. ज्या संस्थेचे ते दहा वर्षें प्रमुख होते, तिच्याच कुलुपांत! बड्या राष्ट्रांपैकीं कोणास काय ठाऊक होतें याविषयीं नाना तर्क आहेत. त्यांत आम्ही शिरत नाहीं.

एप्रिल १९८७ मध्यें अमेरिकेनें त्यांस प्रवेशबंदी केली. पोप आणि कांहीं अरब राष्ट्रें सोडलीं तर त्यांस पाहुणा म्हणून बोलावण्यास फारसें कोणी धजेना. ऑस्ट्रियन सरकारनें नेमलेल्या निरनिराळ्या देशांच्या इतिहासकारांनीं फेब्रुवारी १९८८ मध्यें निकाल दिला. स्वतःच्या हातानें गुन्हा केल्याचा पुरावा नाहीं. मात्र काय चाललें आहे हें त्यांस चांगलें ठाऊक होतें, त्यास त्यांनीं विरोध केला नाहीं, आणि आपला लष्करी भूतकाळ प्रथम विसरला जावा व तें अशक्य झाल्यावर तो निरुपद्रवी दिसावा असा त्यांचा यत्न होता. आमच्या मतें या निकालास जोडण्यासारखें कांहीं नाहीं. गाळलेलें पान त्यांनीं स्वतःच १९७१ मध्यें लिहून टाकलें असतें, तर सरचिटणीसपद कदाचित् मिळालें नसतें. आणि हा 'कदाचित्' त्यांनीं पुरता ओळखला होता असें दिसतें. राजीनामा न देतां ते १९९२ पर्यंत पदावर राहिले.

पण या खटाटोपांतून एक अनपेक्षित फळ निघालें. 'हिटलरचा पहिला बळी' हें स्वतःचें चित्र ऑस्ट्रिया देशानें चाळीस वर्षें जपलें होतें. म्हणजे तेथेंहि कांहीं वर्षें गाळलेलींच होतीं. वाल्डहाईम यांच्यावर वाद करतां करतां घराघरांत नातवंडें आजोबांस प्रश्न विचारूं लागलीं, आणि जुलै १९९१ मध्यें पंतप्रधान फ्रान्झ व्रानिट्स्की यांनीं पार्लमेंटांत उभें राहून ऑस्ट्रियन लोकांच्या दोषाची कबुली दिली.

वाल्डहाईम १४ जून २००७ रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं वारले. दुसऱ्या दिवशीं त्यांचें एक पत्र प्रसिद्ध करण्यांत आलें. नाझी गुन्ह्यांविषयीं आपण स्पष्ट बोललों तें फार उशिरां, याचा त्यांत खेद होता, आणि टीकाकारांनीं समेट करावा अशी विनंती होती.

सिनोवाट्झ यांच्या त्या टोल्यावरून शिल्पकार आल्फ्रेड हर्डलिच्का यांच्या कल्पनेनें निदर्शकांनीं एक भला मोठा लाकडी घोडा उभारला होता, आणि वाल्डहाईम जातील तेथें तो नेऊन ठेवण्याचा सपाटा लाविला होता. राष्ट्राध्यक्षांची कचेरी व्हिएन्नाच्या ज्या हॉफबुर्ग राजवाड्यांत आहे, त्याच्याच दुसऱ्या भागांत २०१८ सालीं देशाच्या अर्वाचीन इतिहासाचें संग्रहालय उघडलें, तेव्हां तो घोडा तेथें लोकांस पाहावयास ठेवण्यांत आला.