स्वयंसेवक शिक्षकाची सुट्टी

१९६१ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस घानाची राजधानी आक्रा येथील विमानतळावर ५१ अमेरिकन तरुण-तरुणींचा एक जथा उतरला. स्वागतासाठीं आलेल्या अधिकाऱ्यांसमोर ही मंडळी उभी राहिली, आणि त्यांनीं ट्वी भाषेंतील एक देशभक्तिपर गीत म्हणून दाखविलें. त्यांचे उच्चार कितपत शुद्ध होते हा प्रश्न निराळा. परंतु चारच वर्षांपूर्वीं ब्रिटिश अमलांतून मुक्त झालेल्या त्या देशाला, परक्या पाहुण्यांनीं आपल्या भाषेंत तोंड उघडावें, याचें अप्रूप वाटलें असल्यास नवल नाहीं. हे पाहुणे ‘पीस कोअर’ या नव्या संस्थेचे स्वयंसेवक होते, व दोन वर्षें तेथील माध्यमिक शाळांतून शिकविण्यासाठीं ते आले होते.

ही कल्पना अमेरिकेंत प्रथम जन्मली असें मात्र नव्हे. इंग्लंडांत अलेक डिक्सन व त्यांच्या पत्नी मोरा यांनीं १९५८ सालींच ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ या नांवानें असा उपक्रम सुरू केला होता. शाळा संपली आहे, विद्यापीठांत जावयास अजून अवकाश आहे, आणि सक्तीच्या लष्करी नोकरीची प्रथा तर बंद होत चालली आहे. अशा १८ वर्षांच्या मुलानें मधलें एक वर्ष कसें घालवावें, या प्रश्नाला त्यांनीं दिलेलें हें उत्तर होतें. पहिल्या तुकडींतील कांहीं मुलें बोर्निओ बेटावरील सारावाकमध्यें गेलीं, कांहीं आफ्रिकेंत. पगार नाहीं, राहण्याजेवण्याची सोय व थोडा हातखर्च, एवढेंच. पुढें १ मार्च १९६१ रोजीं अध्यक्ष केनेडी यांनीं पीस कोअरच्या स्थापनेची आज्ञा काढली, तेव्हां तिच्या मुळाशीं हाच विचार अधिक मोठ्या प्रमाणावर होता.

घानाला शिक्षकांची निकड होती, यांत शंका नाहीं. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करणारा कायदा तेथें त्याच सालीं झाला. शाळेंत आलेलीं मुलें कांहीं वर्षांनीं माध्यमिक शाळेच्या दाराशीं येऊन उभीं राहणार, हें उघड होतें. शिक्षक मात्र कायद्यानें निर्माण होत नाहींत. पीस कोअरचे प्रमुख सार्जंट श्रायव्हर एप्रिलमध्यें भेटीस आले असतां अध्यक्ष एन्क्रुमा यांनीं त्यांच्याकडे शिक्षकच मागितले. आलेले तरुण पदवीधर होते. पण वर्गापुढें उभें राहण्याचा अनुभव त्यांतील पुष्कळांना नव्हता. शिवाय परीक्षा पश्चिम आफ्रिकेच्या परीक्षामंडळाची, ब्रिटिश वळणाची. ज्या प्रश्नपत्रिका स्वतः कधीं पाहिल्या नाहींत त्यांच्यासाठीं मुलांची तयारी करून घ्यावयाची, आणि ‘कलर’ या इंग्रजी शब्दांत ‘यू’ हें अक्षर घालावयाचें हें आधीं स्वतः शिकावयाचें, अशी ही गुरुजींची अवस्था होती.

राहणीची अडचण निराळीच निघाली. गवती छपराच्या झोपडींत राहण्याची तयारी करून निघालेल्या कित्येकांच्या वांट्याला, पूर्वीं इंग्रज मास्तरांसाठीं असत तसले बंगले व हाताखालीं स्वयंपाकी आले. ऐकावयास ही चैन वाटते. वस्तुतः त्या बंगल्याच्या कुंपणामुळें शिक्षक आणि गांव यांच्यांत जें अंतर पडे, तें वर्गांत कितीही जीव तोडून शिकविलें तरी मिटत नसे. विद्यार्थी त्याला ‘साहेब’ म्हणूनच ओळखत.

हें अंतर किती नाजुक असतें, याचा प्रत्यय शेजारच्या नायजेरियांत लवकरच आला. १९६१ च्या ऑक्टोबरांत इबादान येथें शिक्षण घेत असलेल्या एका तरुण स्वयंसेविकेनें घरच्या स्नेह्याला एक कार्ड लिहिलें. शहरांतील घाण, रस्त्यांतच चाललेला संसार, मागासलेली राहणी, असा त्यांतील मजकूर होता. कार्ड पेटींत पडण्याऐवजीं वाटेंत पडलें, आणि तें तेथील विद्यार्थ्यांच्या हातीं लागलें. त्यांनीं त्याच्या प्रती काढून वांटल्या, निषेधसभा भरल्या, स्वयंसेवकांना परत पाठवा अशी मागणी झाली. त्या मुलीनें क्षमा मागितली व ती मायदेशीं परतली. तिनें लिहिलें तें सर्वस्वीं खोटें होतें असें कोणी म्हटलें नाहीं. पाहुणा म्हणून आलेल्यानें अवघ्या कांहीं आठवड्यांत, एवढ्याशा कार्डावर आपल्या देशाचा निकाल लावावा, हें त्या विद्यार्थ्यांना लागलें. घरीं पत्र लिहिणें हा अपराध नव्हे. याच संस्थेच्या वतीनें १९६६ ते १९६८ या काळांत मुंबईस विक्रोळी येथें परिचारिकेचें काम केलेल्या लिलियन कार्टर यांनीं घरीं धाडलेलीं पत्रें, त्यांचे चिरंजीव अमेरिकेचे अध्यक्ष झाले त्या १९७७ सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. निघतेवेळीं त्या बाईंचें वय ६८ होतें, आणि पाहिलेल्या गोष्टीवर मत देण्यापूर्वीं थांबण्याचें शहाणपण कदाचित् वयानेंच येत असेल.

तरुणांना तें कोठें मिळावें? याचें एक उत्तर असें कीं, सुट्टींत.

स्वयंसेवकाच्या नांवें महिन्यास ७५ डॉलर जमा होत, पण ते सेवा संपल्यावर हातीं पडत. जागच्या जागीं मिळे तो निर्वाहखर्च. त्यामुळें नाताळच्या सुट्टींत देश पाहावयास निघालेल्या शिक्षकाला विमान किंवा खाजगी मोटार परवडत नसे. त्याला बाजारतळावर जाऊन ‘मॅमी लॉरी’ गांठावी लागे. इंग्रजी बनावटीच्या मोटारीच्या सांगाड्यावर लांकडी पेटाऱ्यासारखा घाट, आंत आडव्या फळ्या, आणि कपाळावर रंगविलेलें एखादें वचन किंवा म्हण. आपल्याकडील मालमोटारींवर लिहिलेलें वाचणाऱ्यास ही कला ओळखीची वाटेल. बाजार करणाऱ्या बायांचा यांतून राबता असे, म्हणून तिचें हें नांव. गाडी वेळेवर सुटत नाहीं, भरली म्हणजे सुटते. फळीवर दोहों बाजूंनीं खांदे भिडलेले, पायाशीं सुरणासारख्या कंदांची टोपली, आणि शेजारची बाई विचारीत असते: तुझें गांव कोणतें, लग्न झालें का, एवढ्या दूर आईनें कसें येऊं दिलें? बंगल्यांतील साहेबाला हे प्रश्न कोणी केले नसते. वर्गांत प्रश्न विचारण्याची संवय जडलेल्याला येथें उत्तरें द्यावीं लागत, आणि तींही मोडक्या ट्वींत.

आक्र्याहून कुमासीपर्यंत रस्ता कोकोच्या बागांतून व दाट रानांतून जातो. कुमासीच्या उत्तरेस रान विरळ होत होत संपतें, आणि तामाले येईतों गवताळ माळ लागतो. या दिवसांत सहारांतून ‘हरमॅटन’ वारा सुटलेला असतो. धुळीनें सूर्य फिकट दिसतो, ओंठ फुटतात. तामालेच्याही पुढें बोल्गातांगा, आणि मग सरहद्द. पलीकडील मुलूख १९६० पर्यंत फ्रेंचांचा. तेव्हां त्याला अपर व्होल्टा म्हणत, १९८४ पासून बुर्किना फासो म्हणतात. सरहद्द ओलांडतांच इंग्रजी निरुपयोगी होते. ट्वी तर त्याआधींच मागें पडलेली असते. परंतु कोला नांवाचीं फळें घेऊन उत्तरेस जाणारा व गुरें घेऊन दक्षिणेस येणारा व्यापारी दोन्हीकडे तोच. पुस्तकांतील नकाशावर ठळक काढलेली रेघ त्याच्या व्यापाराहून कितीतरी नवी आहे, हें शिक्षकाला या वाटेवर उमगे. कांहीं हौशी मंडळी याहीपुढें मोप्तीस जाऊन, नायजर नदीला पाणी असेल त्या महिन्यांत होडीनें टिंबक्टूपर्यंत पोंचत.

ज्याला एवढा पल्ला झेपत नसे त्याच्यासाठीं समुद्रकिनारा होता. तेथें एल्मिना येथें पोर्तुगीजांनीं १४८२ सालीं बांधलेला किल्ला आहे. वर प्रशस्त दालनें, आणि खालीं गुलामांना कोंडण्याच्या अंधाऱ्या कोठड्या. त्यांच्या शेवटीं जहाजाकडे उघडणारा एक चिंचोळा दरवाजा. त्या दारांतून गेलेल्यांच्या वंशजांपैकीं किती जण आज आपल्याच देशांत राहतात, याचा हिशेब अमेरिकेंतून आलेल्या तरुणाला कोणी सांगावा लागत नसे. आपण येथें कांहीं द्यावयास आलों, ही घरून आणलेली भावना त्या कोठडींत टिकणें कठीण होतें.

एवढें सर्व शिक्षकाच्या पदरीं पडलें. विद्यार्थ्यांच्या पदरीं काय पडलें, हा प्रश्न उरतोच. दोन वर्षें होऊन गुरुजींचा हात जरा बसतो न बसतो तोंच ते निघून जात, आणि परीक्षेच्या वर्गापुढें नवा माणूस, नवे उच्चार घेऊन, उभा राही. केवळ उत्साहाच्या भांडवलावर कोणाच्या मुलांवर प्रयोग करावे, ही शंका अप्रस्तुत नव्हती. ब्रिटिश संस्थेनें ती मान्य केली असें म्हणावें लागेल. १८ वर्षांच्या मुलांना धाडणें तिनें हळूहळू थांबविलें, आणि १९८० पर्यंत कांहीं कसब हातीं असलेल्यांनाच, तेंही एकाऐवजीं दोन वर्षांसाठीं, पाठविण्याचा तिचा परिपाठ झाला.

मुलांचें मत मात्र परीक्षामंडळाकडे नोंदलेलें नसतें. सत्र सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळीं लाल धुळीनें माखलेला शिक्षक लॉरीच्या फळीवरून शाळेच्या फाटकाशीं उतरे, तेव्हां वसतिगृहांतील मुलें भोंवतीं जमत. उत्तरेकडच्या मुलाला विचारावयाचें असे, आमच्या गांवावरून गेलां का. किनाऱ्यावरच्याला, तिकडचें जेवण तुम्हांला पचलें कसें. त्यांतील कित्येकांनीं आपल्याच देशाचें तें दुसरें टोंक अद्याप पाहिलेलें नसे.