झूम भिंगाचे स्वयंचलित केंद्रीकरण : दोषांचे निदान

छायाचित्र अस्पष्ट आले की दोष भिंगाच्या माथी मारण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. क्षेत्रकार्यासाठी कॅमेरा वापरणाऱ्या संशोधकांस ही घाई महागात पडते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवरील ब्राह्मी लेखांचे चित्रण करून परतलेल्या अभ्यासकास अक्षरांच्या कडा विरघळलेल्या आढळल्या, तर पुन्हा जाणे निदान शक्य असते. उत्खननातील जो थर दुसऱ्या दिवशी खणून काढला जातो, त्याचे चित्र मात्र पुन्हा घेता येत नाही. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याची रीत अवगत असणे इष्ट होय. झूम भिंगाच्या बाबतीत या रीतीची किल्ली खुद्द झूमच्या कड्यातच सापडते.

प्रथम यंत्रणेचे स्वरूप पाहू. आरसा असलेल्या एस.एल.आर. कॅमेऱ्यात मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार गेलेला प्रकाश मागील लहान आरशावर पडून कॅमेऱ्याच्या तळाशी बसविलेल्या संवेदकाकडे वळतो. भिंगाच्या दोन विरुद्ध कडांतून आलेल्या किरणांच्या प्रतिमा परस्परांपासून किती सरकल्या आहेत, हे तेथे मोजले जाते. आणि त्यावरून केंद्र पुढे पडले की मागे, व किती, या दोन्ही गोष्टी एकाच मापनात कळतात. यासच कलांतर पद्धती म्हणतात. मिनोल्टा कंपनीच्या १९८५ सालच्या ७००० या कॅमेऱ्याने ही सोय एस.एल.आर.च्या अंगभूत रचनेत आणली. त्यात मोटर कॅमेऱ्यात होती. कॅननने १९८७ मध्ये आपल्या ईओएस मालिकेसाठी ती भिंगात बसविली.

मोजलेली चूक दुरुस्त करण्यास मोटर किती फिरवावी, याचे उत्तर झूम भिंगात स्थिर नसते. केंद्रांतर ७० मि.मी. असताना लागणारे फेरे आणि २०० मि.मी. असताना लागणारे फेरे भिन्न असतात. ही गुणके भिंगातील स्मृतीत नोंदलेली असतात. परंतु त्यांतील कोणते वापरावे हे ठरण्यासाठी कडे सध्या कोठे उभे आहे, हे भिंगाने कॅमेऱ्यास सांगावे लागते. हे काम अनेक भिंगांत एक बारीक धातूचा ब्रश करतो. कडे फिरले की तो संकेतपट्टीवरून सरकतो. ब्रश झिजला वा वाकला की कॅमेऱ्यास चुकीचे केंद्रांतर कळते, आज्ञाही चुकीची दिली जाते, आणि भिंग इष्ट बिंदूच्या पुढे-मागे घुटमळत राहते. चित्रासोबत नोंदले जाणारे केंद्रांतर कड्यावरील आकड्याशी ताडून पाहिले, तर हा दोष भिंग न उघडताच उघडकीस येतो. इतकी सोपी चाचणी क्वचितच केली जाते, हे नवलच.

दुसरा नाजूक अवयव म्हणजे विद्युत्संकेत वाहून नेणारी लवचीक पट्टी. कारागीर तिला ‘फ्लेक्स’ म्हणतात. झूमची नळी पुढे-मागे होताना ती दर वेळी दुमडते, व कालांतराने तिच्यातील तांब्याची रेषा तडकते. अशा वेळी केंद्रीकरण कड्याच्या एका टोकास चालते आणि दुसऱ्या टोकास बंद पडते. कॅमेरा बंद करून चालू केला, भिंग काढून पुन्हा बसविले, तरी तोच प्रकार तेथेच घडतो. याउलट बैठकीवरील संपर्कबिंदू मळले असतील, तर बिघाड कोणत्याही केंद्रांतरास अवचित उद्भवतो व भिंग किंचित हलविले की नाहीसा होतो. कोरड्या मऊ कापडाने संपर्कबिंदू पुसून पाहणे हा म्हणूनच पहिला उपाय.

मोटर सुरळीत चालते, केंद्र पक्के झाल्याची खूण मिळते, आणि तरीही चित्र अस्पष्ट येते, हा प्रकार अधिक फसवा आहे. अस्पष्टतेचे वर्तुळ ०.०३ मि.मी. धरल्यास एफ/२.८ या छिद्रास प्रतिमापृष्ठाच्या दोन्ही बाजूंस मिळून अवघी ०.१७ मि.मी. मोकळीक राहते. लहान आरसा तेवढ्याने ढळला तरी पुरे. आता आरशाच्या मार्गातील ही चूक कॅमेऱ्याची आहे. ती प्रतिमेच्या बाजूस सर्व केंद्रांतरांस सारखीच राहिली पाहिजे. कड्याच्या एका टोकास केंद्र पुढे आणि दुसऱ्या टोकास मागे पडत असेल, तर संशय भिंगावर घ्यावा. दुसऱ्या चाचणीने हे पडताळता येते : आरसा वर उचलून, प्रत्यक्ष चित्रसंवेदकावरून केंद्रीकरण करावे. तसे घेतलेले चित्र स्वच्छ आले, तर भिंगाची काच निर्दोष आहे. मिररलेस कॅमेऱ्यात मापन मुख्य संवेदकावरच होत असल्याने आरशाच्या मार्गाची ही चूक उद्भवतच नाही.

चाचणी तिपाईवर, सपाट छापील कागदासमोर, छिद्र पूर्ण उघडे ठेवून करावी. शेजारी तिरकी मोजपट्टी असावी. प्रत्येक केंद्रांतरास दहा चित्रे घ्यावीत, व दर वेळी केंद्र मुद्दाम बिघडवून पुन्हा साधू द्यावे. सर्व चित्रे एकाच दिशेने चुकत असतील, तर कॅमेऱ्यातील सूक्ष्म-समायोजनाचा उपयोग होतो. ती विखुरलेली असतील, तर समायोजन व्यर्थ आहे. त्याचे आकडे बदलत बसणाऱ्यांचा पुष्कळ वेळ येथेच वाया जातो. झूमसाठी एकच समायोजन पुरत नाही, हे निर्मात्यांनीही मानले. कॅननच्या २०१२ मधील ५डी मार्क ३ मध्ये दोन टोकांसाठी दोन आकडे देण्याची सोय झाली.

जे दोष नव्हेतच, त्यांचाही विचार अवश्य केला पाहिजे. स्थिरचित्रणाच्या आजच्या बहुतेक झूम भिंगांत कडे फिरविताच केंद्र ढळते. दीर्घ केंद्रांतरास केंद्र साधून मग मागे येण्याची सवय येथे चालत नाही. २०० मि.मी., एफ/२.८ आणि २ मीटर अंतर असता स्पष्टतेची खोली सुमारे दीड सें.मी. भरते, ७० मि.मी.स ती सुमारे १३ सें.मी. असते. केंद्र साधल्यावर हाती कॅमेरा धरणाऱ्याचे शरीर तेवढे सहज डोलते, आणि मग अपराध मात्र भिंगाच्या दीर्घ टोकाकडे जातो. एका दिशेच्या रेषा ओळखणारा संवेदक त्या दिशेस काटकोनात असलेल्या भेगांनी भरलेल्या शिळेवर निरुपाय होतो; कॅमेरा थोडा तिरपा केल्यास तो काम करू लागतो. रेषीय ध्रुवण-गाळणी लावली असेल, तर अर्धपारदर्शक आरशातून जाणारा प्रकाश घटून मापन बिघडते. वर्तुळीय गाळणीने ही अडचण टळते.

भिंग कारागिराकडे सोपविताना बिघाड कोणत्या केंद्रांतरास, किती अंतरावर आणि किती वेळा आला, याची लेखी नोंद सोबत द्यावी. दोष केंद्र पुढे-मागे पडण्याचा असेल, तर कॅमेराही बरोबर धाडावा. एकट्या भिंगाची तपासणी करून ते निर्दोष म्हणून परत येते, आणि विभागाच्या कपाटात जुना बिघाड तसाच राहतो.