कानाने वाचलेली ‘श्यामची आई’

आमच्या अम्मींचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. देवनागरी त्यांना वाचता येत नाही आणि आम्ही शिकवतो मराठी! घरात मराठी पुस्तकांचे कपाट भरलेले, पण अम्मींचा संबंध त्यावरची धूळ पुसण्यापुरता.

गेल्या हिवाळ्यात मोबाइलवर ‘श्यामची आई’चे ऑडिओबुक लावले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या ५ दिवसांत लिहिले. त्यात ४२ रात्री आहेत; श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे मुळात हे ऐकायचेच पुस्तक. इशाच्या नमाजनंतर एक रात्र, असे ठरले.

पहिला आठवडा वाया गेला. मधेच मेसेज वाजे, मुले फोन ओढत आणि बैठक रील्सवर संपे. मग पुस्तक आधीच डाउनलोड केले, इंटरनेट बंद करून फोन कपाटावर ठेवला. धाकट्याला वेग वाढवून ऐकायचे होते. अम्मी म्हणाल्या, “घाई कसली बेटा? माणूस बोलतोय ना!”

नुसत्या ऐकण्याने शुद्धलेखन सुधारत नाही, हे शिक्षक म्हणून सांगायलाच हवे. म्हणून मुलीच्या हातात छापील प्रत दिली. ती ओळींवर बोट फिरवत ऐकते.

एका रात्री फोनचे चार्जिंग संपले. आम्ही पेपर तपासत होतो. पाहिले तर मुलगी मोठ्याने वाचत होती आणि अम्मी चष्मा लावून पानावर वाकल्या होत्या. “यात ‘श्याम’ कुठे लिहिलंय, दाखव बरं,” त्या नातीला म्हणत होत्या.