व्होल्ट वाढवले म्हणून गाडी पळत नाही

बीदरच्या हवाई तळावरची ‘सूर्यकिरण’ हवाई कसरत पथकाची विमानं डोक्यावर बघत वाढलेल्या पोरांना रिमोटच्या यंत्रांचं वेड लागलं, तर नवल नाही. नवल याचं, की भालकी, बसवकल्याण, आळंद, कुठलाही मुलगा भेटो, प्रश्न तोच: “काका, रिसीव्हरला सहा व्होल्टऐवजी लायपो बॅटरी लावली, तर गाडी किती जोरात पळेल?”

गैरसमज: जास्त व्होल्ट म्हणजे जास्त वेग.

वस्तुस्थिती: इंधनावरच्या रिमोट गाडीत वेग इंजिन देतं. रिसीव्हरची बॅटरी फक्त रिसीव्हर, म्हणजे सिग्नल घेणारा भाग, आणि सर्व्हो नावाच्या दोन छोट्या मोटारी चालवते: एक चाकं वळवतो, दुसरा थ्रॉटल-ब्रेक ओढतो. व्होल्ट वाढले तर सर्व्हो थोडा चपळ होईल, इंजिन नाही.

नुकसान मात्र नक्की. साध्या सर्व्होच्या कागदावर ४.८ ते ६ व्होल्ट छापलेलं असतं. निकेल-मेटल हायड्राइडचा एक सेल १.२ व्होल्टचा, चारांचे ४.८, पाचांचे ६. हिशोब जुळतो. दोन सेलांची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, नावाला ७.४ व्होल्टची, पण पूर्ण भरली की ८.४. तेवढ्यावर साधा सर्व्हो जळतो. किती वेळा सांगायचं, कागद वाचा! ८.४ पर्यंत चालेल असं सर्व्हो आणि रिसीव्हर दोन्हींवर लिहिलं असेल तरच लायपो थेट लावा, नाहीतर मध्ये ६ व्होल्टचा रेग्युलेटर बसवा.

गैरसमज: टीव्हीच्या रिमोटचे पेन्सिल सेल इथेही चालतात.

वस्तुस्थिती: टीव्हीच्या रिमोटला नावापुरता प्रवाह लागतो. अडकलेला ताकदवान सर्व्हो दोन अँपिअरहून जास्त ओढू शकतो. साध्या सेलचा अंतर्गत रोध जास्त असल्याने ताण येताच व्होल्ट कोसळतात, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो, आणि तेवढा वेळ गाडी कुणाचंच ऐकत नाही.

गैरसमज: फेलसेफ आहे, मग भीती नाही.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सगळ्यांत धोकादायक. सिग्नल तुटला की फेलसेफ थ्रॉटल बंद करतो, पण त्यासाठी सर्व्होत वीज हवी. बॅटरीच मेली तर सर्व्हो आहे तिथेच थांबतो. थ्रॉटल उघडा असेल तर इंजिन पूर्ण जोरात चालू राहतं आणि काही किलोची गाडी लोकांत घुसते. कार्ब्युरेटरला परतीची स्प्रिंग हवीच.

आणखी काही गैरसमज:

- *मोठ्या बॅटरीने रेंज वाढते.* नाही, ती ट्रान्समीटर, अँटेना आणि मोकळ्या जागेवर ठरते.
- *जास्त एमएएच म्हणजे जास्त जोर.* एमएएच सांगतो किती वेळ चालेल.
- *विजेवरच्या गाडीलाही वेगळी बॅटरी लागते.* बहुतेकदा नाही; स्पीड कंट्रोलरमधला बीईसी, म्हणजे व्होल्ट उतरवणारा भागच, रिसीव्हरला वीज देतो.
- *कुठलाही चार्जर चालतो.* लायपोला लायपोचाच लागतो, नाहीतर आग.
- *उन्हाचं काय एवढं?* कलबुर्गीच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद मोटारगाडीत त्याहून जास्त. बॅटरी तिथे ठेवू नका.
- *फुगलेली बॅटरी टोचून हवा काढावी.* कधीच नाही. ती पेट घेते. कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती संकलन केंद्राकडेच द्यायची असते.

मैदानात उतरण्याआधी दोन गोष्टी करा: बॅटरीचे व्होल्ट मीटरने मोजा, आणि इंजिन बंद असताना थ्रॉटलची स्प्रिंग हाताने ओढून बघा. ती मागे आली नाही, तर त्या दिवशी गाडी चालवू नका.