पापुद्र्यामागची जुडी

१९८१ सालचा फेब्रुवारी. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात एक निवृत्त सर्जन प्रयोगशाळेत बसून, मृत जन्मलेल्या एका अर्भकाच्या ओटीपोटातले चेतातंतू सोडवत होते. त्यांचं नाव पीटर डोंकर. मूत्राशयाकडे जाणारे तंतू कसे जातात, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांना भेटायला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे पॅट्रिक वॉल्श आले होते. पुरुषाच्या लिंगाला ताठरता देणारे तंतू नेमके कुठून जातात, असं वॉल्शनी विचारलं. ते आपण कधी शोधलेच नाहीत, असं डोंकर म्हणाले. मग दोघांनी मिळून शोधायला घेतलं आणि काही तासांत उत्तर हाती आलं. ते तंतू प्रोस्टेट ग्रंथीतून जात नव्हते. ग्रंथीच्या आवरणाबाहेरून, तिला खेटून, ते खाली उतरत होते.

या एका वाक्याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागेल. कर्करोग झालेली प्रोस्टेट समूळ काढण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्प्टन यंग यांनी याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९०४ साली केली होती. तेव्हापासून पाऊणशे वर्षं, शस्त्रक्रियेनंतर पुरुषत्व जायचंच, असं सगळेच धरून चालले होते. ग्रंथी काढली की नसा तुटणारच, हा समज. म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळत होतं, आणि ते ओलं वेगळं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. प्रौढ माणसाच्या ओटीपोटात चरबी फार, मृतदेहातलं पेशीजाल रसायनांनी आक्रसलेलं, आणि जिवंत रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असताना रक्ताने काही दिसायचं नाही. अर्भकाच्या शरीरात मात्र चरबीचा पसारा नसतो, त्यामुळे तंतू स्वच्छ दिसले. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्शनी त्या नसा जाणूनबुजून वाचवणारी पहिली शस्त्रक्रिया केली.

आता त्या जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ग्रंथी अक्रोडाएवढी. वर मूत्राशय, मागे गुदाशय, मधोमध आरपार गेलेली मूत्रनलिका, आणि खाली लघवी धरून ठेवणारा वर्तुळाकार स्नायू. नसांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या दोन जुड्या मागच्या बाजूने, घड्याळात पाच आणि सात असतात साधारण तिथून जातात. कर्करोग पूर्ण निघावा, लघवीवर ताबा राहावा आणि ताठरता टिकावी, ही तीन उद्दिष्टं काही मिलिमीटरच्या अंतरात एकमेकांशी भांडत असतात. नसांच्या जवळ गेलं तर कर्करोग मागे राहायची भीती, आणि लांबून कापलं तर नसा जातात.

रस्त्यावरच्या होर्डिंगवर दिसणारा ‘रोबो’ या भांडणात कुठे बसतो? आधी एक गैरसमज दूर करू. हा रोबो स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर एका कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो. त्याच्या बोटांची हालचाल रुग्णाच्या पोटात शिरलेल्या बारीक अवजारांपर्यंत पोचते. पोचताना ती लहान होते आणि हाताचा कंप गाळला जातो. अवजाराच्या टोकाला चक्क मनगट असतं, ते माणसाच्या मनगटाहूनही जास्त वळतं. समोरचं दृश्य त्रिमितीत आणि सुमारे दहापट मोठं दिसतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो जागा करून देतो आणि त्याच्याच दाबाने बारीक शिरा मिटून रक्तस्राव कमी होतो. जे रक्त पाऊणशे वर्षं नसा झाकून बसलं होतं, त्याला वायूने बाजूला सारलं. अमेरिकेत ‘द विंची’ यंत्राला २००० साली मान्यता मिळाली. त्यानंतर डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात मणी मेनन यांनी प्रोस्टेटच्या रोबोटिक शस्त्रक्रियेला रोजच्या कामाचं रूप दिलं. मेनन मूळचे केरळचे.

आता तंत्राकडे येऊ. प्रोस्टेटभोवतीची आवरणं कांद्याच्या पापुद्र्यांसारखी असतात. कोणत्या दोन पापुद्र्यांमधून अवजार न्यायचं, यावरच बहुतेक सगळं ठरतं. ग्रंथीच्या अगदी अंगालगतच्या थरातून गेलं तर नसा जास्तीत जास्त वाचतात, पण रोग आवरणाबाहेर डोकावला असेल तर तो मागे राहतो. म्हणून एमआरआय आणि बायोप्सीचे अहवाल पाहून डावीकडे एक थर आणि उजवीकडे दुसरा, असंही ठरवतात. दुसरा मार्ग इटलीतल्या मिलानच्या आल्दो बोच्चार्दी यांनी २०१० साली मांडला. नेहमी सर्जन मूत्राशयाच्या पुढून उतरतो. बोच्चार्दी मागून, मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामधून शिरले. पुढची जागा, जिला रेत्सियस पोकळी म्हणतात, अस्पर्शच राहिली. त्यामुळे मूत्रनलिकेला धरून ठेवणारे बंध टिकले, आणि लघवीवरचा ताबा लवकर परतू लागला. वर्षभरानंतर हा फरक बराचसा विरतो. आणि गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात असेल तर ही वाट धोक्याची ठरू शकते.

हॅम्बुर्गच्या मार्टिनी क्लिनिकमध्ये फक्त प्रोस्टेटचंच काम होतं. वर्षाला दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया. तिथे रुजलेली एक पद्धत मला फार गमतीची वाटते. रुग्ण भुलीखाली असतानाच ग्रंथीची नसांकडची कड गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कड स्वच्छ असेल तर नसा ठेवायच्या, रोग दिसला तर त्या बाजूचा आणखी भाग काढायचा. ब्रिटनमधल्या चाचणीत, २०२५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, अशा तपासणीनंतर एका वर्षाने ताठरतेचा त्रास नसलेले किंवा अगदी सौम्य असलेले पुरुष ३९ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीत ते २३ टक्के होते.

पण मला खरं थक्क केलं ते यंत्राने नाही, एका हिशेबाने. अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ७२ सर्जन आणि ७,७६५ रुग्णांची नोंद तपासली. या सगळ्या पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रिया होत्या. आधी फक्त दहा शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग परतण्याची शक्यता १७.९ टक्के, तर अडीचशे केलेल्याच्या रुग्णांत १०.७ टक्के. शस्त्रक्रिया तीच, फरक फक्त हाताचा. दोन वर्षांनी त्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा हिशेब मांडला, तेव्हा हात बसायला आणखी वेळ लागतो असं दिसलं. तिथे साडेसातशे शस्त्रक्रियांनंतर धोका ९ टक्क्यांवर आला. त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. ज्यांनी आधी पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यात हात मुरवले होते, त्यांचे दुर्बिणीतले निकाल थेट दुर्बिणीवर शिकलेल्यांपेक्षा वाईट निघाले. जुनं विसरायलाही वेळ लागतो, तेही हातांना.

मग रोबो श्रेष्ठ की हात? ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात चिठ्ठ्या टाकून ३२६ रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटावर रोबोने, दुसऱ्यावर पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. पोट उघडणारा सर्जन दीड हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभवी, रोबोवाला त्या मानाने बराच नवखा. रोबोच्या गटात रक्त कमी गेलं, मुक्काम कमी झाला. पण दोन वर्षांनी लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. म्हणजे यंत्राने अनुभवाचं अंतर थोडं भरून काढलं असं म्हणता येईल, पण अनुभवाची जागा घेतली असं म्हणता येणार नाही.

आणि त्याआधीचा प्रश्न, शस्त्रक्रिया हवीच का? ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरत्याच मर्यादित कर्करोगाच्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा फक्त देखरेख यांत विभागलं गेलं. पंधरा वर्षांनी या आजाराने दगावलेले तिन्ही गटांत मिळून फक्त २.७ टक्के होते. अनेकांच्या बाबतीत घाई नाही, विचाराला वेळ आहे.

तो वेळ सर्जनला विचारण्यात घालवावा. आजवर तुम्ही स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या, आणि गेल्या वर्षी किती? माझ्यावर हात तुमचाच असेल ना? माझ्यासारख्या रुग्णांत काढलेल्या ग्रंथीच्या कडेला रोग सापडण्याचं प्रमाण किती? वर्षानंतर किती जणांना पॅड लागत नाही, आणि ‘खबरदारी म्हणून एक पॅड’ वापरणाऱ्याला तुम्ही कोरडा मोजता का? आधी ताठरता ठीक असलेल्यांपैकी किती जणांची परत आली? माझ्या दोन्ही बाजूंच्या नसा वाचवणं शक्य आहे का, नसेल तर का? आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं घरातल्या मोठ्यांना उद्धट वाटतं, आणि विचारायला लागतो तो मुलगा संकोचून बसतो. पण ज्या डॉक्टरांनी आपले निकाल स्वतः मोजून ठेवलेले असतात, त्यांना हे प्रश्न टोचत नाहीत.

डोंकर ज्या ओटीपोटावर काम करत होते, तिथे त्या जुड्या आधीपासूनच होत्या. त्यांना शोधायला दुसऱ्या कुणाचा तरी प्रश्न लागला.