शेरीच्या पिंपातली पंचवीस वर्षं

भट्टीतून उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. पेल्यात दिसणारी तांबूस झाक आणि नाकाशी येणारा मनुका-अंजिरांचा गंध हे बहुतांशी पिंपाचं देणं. म्हणून शेरीच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट चाखायची तर आधी पिंपाची हकीकत ठाऊक हवी.

शेरी हे दक्षिण स्पेनमधल्या हेरेथ परिसरातलं द्राक्षमद्य. एकेकाळी ते पिंपांतूनच ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांना सहज मिळत. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि हा पुरवठा आटला. आता ओकची नवी पिंपं खास घडवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी, बहुधा ओलोरोसो, भरून ठेवतात आणि मग ती स्कॉटलंडला धाडतात. शेरी स्वतः ज्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरते ती पिंपं वेगळी. त्यांच्या लाकडातला अर्क केव्हाच निघून गेलेला असतो. त्यामुळे शेरी-माल्टमध्ये आपण शेरीइतकंच, किंबहुना जास्तच, लाकूड चाखतो. युरोपीय ओक टॅनिन, लवंग आणि तुरटपणा देतो. अमेरिकन ओक व्हॅनिला आणि नारळाचा गोडवा.

उदाहरण घ्यायचं तर मी स्पेसाइडमधल्या ग्लेनफार्क्लसचं घेईन. १८३६ साली परवाना मिळालेली ही भट्टी १८६५पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे. त्यांची तांब्याची भांडी आजही थेट ज्योतीवर तापतात. १९८१ साली त्यांनी वाफेवर तापवून पाहिलं, पण मद्याचा भारदस्तपणा हरवला म्हणून प्रयोग लगेच सोडून दिला. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. पाचशे लिटरच्या शेरीच्या पिंपात दोन-अडीच दशकं काढायची तर मद्यालाही अंगचं बळ हवं. नाजूक मद्य लाकडाखाली दबून जातं.

त्यांची पंचवीस वर्षांची व्हिस्की घाईने पिऊ नये. वर निमुळत्या होणाऱ्या पेल्यात थोडीशी ओतावी आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्यावी. ओठ किंचित उघडे ठेवून हुंगलं की अल्कोहोलचा झटका नाकात बसत नाही. आधी मनुका, खजूर, संत्र्याची सुकी साल. मागाहून अक्रोड, दालचिनी, पॉलिश केलेलं जुनं लाकूड. काही शेरी-माल्टांत नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा वास येतो. रिकामी पिंपं खराब होऊ नयेत म्हणून त्यांत गंधक जाळण्याची पद्धत होती, त्याचा हा अंश. काहींना तो आवडतो; मला तो फळांच्या आड येतो असं वाटतं.

घोट लहान घ्यावा आणि जिभेवर फिरवावा. गोडवा लगेच कळतो, खरी परीक्षा गिळल्यानंतर होते. हिरड्यांवर चहासारखा तुरटपणा आला आणि त्याखाली फळांची चव टिकून राहिली, तर लाकूड आणि मद्य यांचं जमलं आहे. नुसताच कडवट कोरडेपणा उरला तर पिंपातून काढायला उशीर झाला असं समजावं. जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली हा समज इथेच खोटा ठरतो.

पाण्याबद्दल वाद कायमचा आहे. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं की, पाणी मिसळल्यावर ग्वायाकोल हा धुरकट गंधाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. पण ही व्हिस्की ४३ टक्क्यांवरच बाटलीत भरलेली असते, तेव्हा पहिला घोट निर्जळच बरा. त्याच भट्टीच्या ६० टक्क्यांच्या ‘१०५’ला मात्र पाणी हवंच.

किंमत भारी का, याचं एक उत्तर बाष्पीभवनात आहे. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी पिंपातलं सुमारे २ टक्के मद्य उडून जातं. पंचवीस वर्षांत जवळपास ४० टक्के. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे हा वाटा कितीतरी मोठा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे, त्यांनीही ओलोरोसोच्या पिंपांतून माल्ट काढली आहे. तिथल्या दमट उष्म्यात मद्य लाकडातून भराभर अर्क ओढतं, म्हणून तिची तुलना स्कॉचशी लेबलावरच्या वर्षांवरून करणं चुकीचं आहे. वर्षाला ८ टक्के घट धरली, तर तिथे पंचवीस वर्षांनी पिंपात जेमतेम आठवा हिस्सा उरेल.