जुन्या गाडीच्या रेडिएटरमधील हवा काढा



विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर फिरते, पण पाणी वर चढत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. मोटारगाडीतही असेच घडते. रेडिएटरचे पाणी बदलताना आत हवा अडकली, तर वरून तो भरलेला दिसतो. हेडमध्ये मात्र पाणी पोचत नाही. मग हेड तापून वाकते, गॅस्केट जळते आणि खर्च अंगावर येतो. अशा वेळी उष्णतेच्या काट्यावरही विसंबू नये. तो पाण्याची उष्णता दाखवितो; पाण्याऐवजी हवा असली तर फसवितो.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी अशा जुन्या गाड्या अनेक घरांतून वापरात आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

कोणते पाणी घालावे? विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. बंबात बसतो तसा क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळावे. बाजारात तयार मिश्रणही मिळते. त्यात आणखी पाणी घालू नये. कूलंट केवळ थंड मुलखासाठी असते, हा गैरसमज आहे. त्याने गंज टळतो आणि पाणी लवकर उकळत नाही.

हवा कशी काढावी? इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये. गरम असताना दाब सुटून उकळते पाणी तोंडावर उडते. जुने पाणी काढून, आतून धुऊन, गाडी तोंडाकडून थोडी उंच उभी करावी. हीटर असल्यास तो 'गरम'वर ठेवावा. मिश्रण सावकाश ओतावे आणि वरचा रबरी पाइप हाताने दाबत राहावे. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास बुडबुड्यांविना सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा.

नंतर झाकण न लावता इंजिन सुरू करावे; रेस करू नये. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडतो, वरचा पाइप गरम होतो, बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. तेवढी भर घालावी. बुडबुडे थांबले की झाकण घट्ट लावून बाजूची टाकी खुणेपर्यंत भरावी. विजेचा पंखा एकाएकी सुरू होतो. हात, पदर, उपरणे दूर ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा पाहावी.

बुडबुडे थांबतच नसतील किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. गाडी न चालविता मेकॅनिकला बोलवावे.

शेवटची, पण मोलाची सूचना : कूलंट चवीला गोड आणि जहाल विषारी असते. वासराने, कुत्र्याने किंवा लहान मुलाने चाटले तर मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जाऊ शकतो. काढलेले पाणी परातीत उघडे ठेवू नये. नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, चिठ्ठी लावून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे. सांडले तर माती टाकून लगेच भरून घ्यावे. गाडी दुरुस्त करता येते, गेलेला जीव परत येत नाही.